लांबच्या सायकलवाटेवरचा घास

१९२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतले सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी ती पुरी केली आणि १९२८ च्या मार्चमध्ये ते परतले. वाळवंटं, आल्प्स, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश असा तो सगळा पल्ला. खेळाडूंसाठी मुद्दाम बनवलेलं खाणं तेव्हा बाजारात नव्हतं. फ्लोरिडा विद्यापीठात गेटोरेड तयार झालं ते १९६५ साली, आणि पॉवरबार आला १९८६ साली. साडेचार वर्षं ही माणसं वाटेवरच्या गावांत जे शिजत होतं त्यावरच चालली असणार. आज पुण्या-मुंबईतल्या सायकलच्या दुकानात काउंटरवर चकचकीत पुड्यांची रांग असते: जेल, बार, पाण्यात टाकायच्या गोळ्या. पहिल्यांदाच शंभर किलोमीटरची राइड ठरवणारा माणूस पंक्चर कसं काढायचं यापेक्षा या पुड्यांतली कुठली घ्यायची याचा जास्त विचार करतो. जुन्या लोकांनी केलं म्हणून ते बरोबर, हा युक्तिवाद मात्र लंगडा आहे. ते तिघे वाटेत किती वेळा उपाशी राहिले, किती वेळा आजारी पडले आणि नीट खायला मिळतं तर किती लवकर परतले असते, याचा हिशेब त्यांच्या यशातून निघत नाही. तेव्हा साध्या अन्नाची बाजू घ्यायची तर ती आजच्या शरीरशास्त्राच्या कसोटीवरच घ्यायला हवी. माझ्या मते ती त्या कसोटीला उतरते. शर्यत नसलेल्या लांबच्या राइडला टपरीवरचं, हॉटेलातलं आणि घरच्या डब्यातलं खाणं पुरतं, आणि सहा-आठ तासांनंतर तर तेच जास्त उपयोगी पडतं. फक्त ते वेळ पाळून खावं लागतं, आणि रानमेव्याच्या भरवशावर निघता येत नाही.

आधी हिशेब. ताशी वीस किलोमीटरच्या आसपास सायकल चालवणारा साठ-सत्तर किलोचा माणूस तासाला साधारण चारशे ते सहाशे उष्मांक खर्च करतो. दोनशे किलोमीटरला दहा तास धरले, तर खर्च चार ते सहा हजारांच्या घरात जातो. शरीराकडे इंधनाचे दोन साठे असतात. एक चरबीचा. सडपातळ माणसाच्या अंगावरही सात-आठ किलो चरबी सहज असते आणि तिच्यात पन्नास हजारांहून जास्त उष्मांक असतात. दुसरा साठा ग्लायकोजेनचा, म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेचा. तो असतो जेमतेम चारशे-पाचशे ग्रॅम. उष्मांकांत सांगायचं तर सोळाशे ते दोन हजार. चरबी ही मुदत ठेव आहे आणि ग्लायकोजेन खिशातले सुटे पैसे. ठेव कितीही मोठी असली तरी घाट चढताना हात खिशातच जातो, कारण चरबीतून ऊर्जा हळू सुटते आणि जोर वाढला की शरीर साखर मागतं. हा साठा संपत आला आणि वरून काही मिळालं नाही, की रक्तातली साखर उतरते. पाय पोकळ वाटतात, चिडचिड होते, साधा रस्ता ओलांडतानाही अंदाज चुकतो. सायकलवाले याला ‘बाँक होणं’ म्हणतात. एकदा ते झालं की नंतर कितीही खाल्लं तरी सावरायला वेळ लागतो. म्हणून नियम असा की भूक लागायच्या आधी खायचं. किती? दोन-अडीच तासांपर्यंतच्या श्रमाला तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पुरतात. त्याहून लांब आणि जोराच्या श्रमाला नव्वदपर्यंत जाता येतं, पण त्यासाठी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही लागतात. आतड्यात या दोघांना आत घेणारे दरवाजे वेगळे आहेत, आणि ग्लुकोजचा दरवाजा तासाला साठेक ग्रॅमला तुंबतो. महागड्या पुड्यांवर ज्या दुहेरी साखरेची जाहिरात असते ती हीच. साधी साखर निम्मी ग्लुकोज आणि निम्मी फ्रुक्टोजची बनलेली असते. गुळात, उसाच्या रसात, केळ्यात, खजुरात दोन्ही असतात. आतड्याला वेष्टन दिसत नाही.

हे केवळ अनुमान नाही; शास्त्रज्ञांनी ते तपासूनही पाहिलं आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन स्टेट विद्यापीठातल्या डेव्हिड नीमन यांच्या गटानं २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चौदा सराईत सायकलस्वारांनी पंच्याहत्तर किलोमीटरचं अंतर दोनदा घड्याळाविरुद्ध कापलं. एकदा दर पंधरा मिनिटांनी केळं खाऊन आणि एकदा तेवढीच कर्बोदकं असलेलं स्पोर्ट्स ड्रिंक पिऊन. वेळेत फरक पडला नाही. केळी खाणाऱ्यांना पोट जड वाटलं, इतकंच. २०१९ साली इलिनॉय विद्यापीठात उकडलेल्या बटाट्याचा लगदा आणि बाजारातलं जेल यांची अशीच तुलना झाली. बारा सायकलस्वार, दोन तासांचा श्रम आणि त्यानंतर वेळेची चाचणी. बटाटा आणि जेल बरोबरीत सुटले, नुसतं पाणी पिणारे मागे पडले. इथेही बटाट्यानं पोटाची तक्रार जास्त झाली, कारण तेवढ्याच कर्बोदकांसाठी तो जेलच्या कितीतरी पट गिळावा लागतो. २०१५ साली माँटाना विद्यापीठातल्या प्रयोगात नव्वद मिनिटं दमवलेल्या अकरा पुरुषांना एकदा बर्गर-फ्राइज छापाचं झटपट खाणं दिलं आणि एकदा खेळाडूंसाठीची खास उत्पादनं. चार तासांनी स्नायूंतला साठा दोन्ही वेळा सारखाच भरून आला, आणि पुढच्या वीस किलोमीटरांच्या वेळेतही फरक दिसला नाही.

या प्रयोगांवर एक रास्त आक्षेप आहे, आणि तो घेतलाच पाहिजे. केळ्यांच्या प्रयोगाचा खर्च केळी विकणाऱ्या डोल कंपनीनं उचलला होता, बटाट्याच्या प्रयोगाचा बटाटा उत्पादकांच्या संशोधन संस्थेनं. माणसं डझन-दीड डझन, आणि श्रम अडीच तासांच्या आतबाहेर. एवढ्यावरून केळं जेलपेक्षा सरस आहे, असं म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण तसं म्हणायची गरजही नाही. स्पोर्ट्स ड्रिंक आणि जेल यांच्यावरचं बरंचसं संशोधनही ती विकणाऱ्यांच्याच पैशानं झालं आहे. दोन्हीकडचे पैसे बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते: कर्बोदक पोटात गेलं की ते कुठल्या रूपात गेलं याचा परिणाम फार लहान असतो, आणि ते गेलंच नाही तर त्याचा परिणाम फार मोठा असतो. पोट जड होण्याची तक्रार मात्र खरी आहे. ती घड्याळाविरुद्ध, दम लागेपर्यंत चालवणाऱ्यांची आहे, कारण जोर वाढला की रक्त पायांकडे जातं आणि आतड्याला कमी मिळतं. गप्पा मारता येतील अशा वेगानं चालवणाऱ्याचं पोट बरंच काही पचवतं. वेग ही इथली कळीची गोष्ट आहे, आणि तिच्याकडे परत यावं लागेल.

आता हे गणित आपल्या रस्त्यावर आणू. मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे एका जेलइतकीच. आणि एका जेलच्या पैशांत डझनभर केळी सहज येतात. गूळ जवळजवळ सगळा साखरच असतो, तीस ग्रॅमचा खडा म्हणजे एका तासाची किमान गरज. चार-पाच खजूर तेवढंच काम करतात. उसाच्या रसाच्या पेल्यात वीस ते तीस ग्रॅम साखर मिळते आणि पाणीही मिळतं. बशीभर पोह्यांत पन्नासेक ग्रॅम कर्बोदकं असतात. त्यात तेल बेतानं असतं, मीठ असतं, वर लिंबू असतं. सकाळी नऊच्या थांब्यासाठी यापेक्षा चांगला पदार्थ मुद्दाम शोधूनही सापडणार नाही. साध्या चहातही दोन चमचे साखर असते, आणि कॅफिनचा उपयोग तर खेळशास्त्रालाही मान्य आहे. चिक्की, राजगिऱ्याची वडी, शेंगदाण्याचा लाडू हे खिशातले. यांत एक भेद लक्षात ठेवावा लागतो. शेंगदाण्यात चाळीस टक्के चरबी असते, त्यामुळे तो पोटात रेंगाळतो. सपाट रस्त्यावर तासन्तास चालायचं असेल तर हा गुण आहे. घाटाच्या पायथ्याशी तो दोष आहे. वडापावचंही तसंच. बटाटा आणि पाव दोन्ही कामाचे, पण बेसनाच्या आवरणात मुरलेलं तेल जठर रिकामं व्हायला उशीर लावतं. एक वडापाव खपून जातो, तीन खाऊन कात्रज चढणाऱ्याला ते तिन्ही वर येईपर्यंत आठवत राहतात. आणि मिसळ. कोल्हापुरात हे लिहिणं धोक्याचं आहे, तरी लिहितो: कटाचं तेल आणि तिखट यांचा मेळ दमलेल्या जठराशी बसत नाही. मिसळ शेवटचा घाट उतरल्यावर खावी. तिथे ती कोणत्याही रिकव्हरी ड्रिंकच्या तोडीची आहे.

मिठाचा मुद्दा बहुतेक नवशिक्यांच्या ध्यानात येत नाही. एक लिटर घामातून अर्धा ग्रॅम ते दीड ग्रॅम सोडियम जातं. माणसामाणसांत फरक मोठा. मार्च महिन्यात सोलापूरच्या रस्त्यावर नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम विरळ होतं, आणि त्याची लक्षणं डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही असल्यानं माणूस आणखी पाणी पितो. हा प्रकार जिवावर बेतू शकतो. उपाय टपरीवरच आहे: मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत, ताक, कोकम सरबत, खारे दाणे, भडंग. यामागचं शास्त्र आपल्याच उपखंडात मोठ्या संकटात सिद्ध झालं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी तोंडावाटे देऊन हजारो जीव वाचवले. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज एकाच दरवाजातून जोडीनं आत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढलं जातं. सायकलच्या बाटलीत टाकायच्या गोळीचं तत्त्व हेच, आणि चिमूटभर मिठाच्या सरबताचंही हेच. औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी मात्र खेळातल्या पेयापेक्षा कमी गोड आणि जास्त खारट असते. ती आजाऱ्यासाठी बेतलेली आहे. तिनं पाणी आणि मीठ भरून निघतं, ऊर्जा फारशी मिळत नाही. तिच्यासोबत केळं खावंच लागतं.

साध्या अन्नाविरुद्धचा सर्वांत जोरकस आक्षेप वेळेचा आहे. जेल चालत्या सायकलवर दहा सेकंदांत संपतं; पोहे खायला उतरावं लागतं, सांगावं लागतं, थांबावं लागतं. शर्यतीत हा आक्षेप निर्णायक आहे आणि तिथे माझं काही म्हणणं नाही. अर्थात शर्यतींचाही इतिहास थोडा वेगळा आहे. टूर द फ्रान्समध्ये कित्येक दशकं स्पर्धक वाटेतल्या कॅफेत घुसून हाताला येतील त्या बाटल्या उचलून पळत. पण आपल्याकडे लांब सायकल चालवणारे बहुतेक जण शर्यतीत नसतात. ते सहलीला निघालेले असतात किंवा ब्रेव्हे करत असतात. ब्रेव्हे ही फ्रान्समधून आलेली पद्धत. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. या मुदतीत पोचलं की झालं. पहिला-दुसरा असा क्रम नाही. ताशी वीसनं चालवणाऱ्याचे दोनशेला दहा तास जातात, म्हणजे साडेतीन तास शिल्लक उरतात. अर्ध्या-अर्ध्या तासाचे चार थांबे घेतले तरी दीड तास पंक्चरला आणि वाऱ्याला उरतो. शिवाय ब्रेव्हेत मदतीची गाडी मागेपुढे ठेवता येत नाही, स्वतःचं स्वतः बघायचं असतं, आणि ठरलेल्या ठिकाणी पोचल्याचा पुरावा म्हणून पुष्कळदा हॉटेलचं किंवा दुकानाचं बिलही चालतं. साधं अन्न या खेळाच्या नियमांतच बसवलेलं आहे. या प्रकारातली सर्वांत जुनी मोठी राइड पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. १८९१ साली ती शर्यत म्हणून सुरू झाली. आता दर चार वर्षांनी हजारो हौशी सायकलस्वार बाराशे किलोमीटर नव्वद तासांत कापायला जमतात. वाटेवरच्या गावांतली माणसं रात्री-अपरात्री घरासमोर टेबल मांडून त्यांना कॉफी आणि क्रेप देतात. या राइडच्या नावाची चाकाच्या आकाराची एक पेस्ट्रीही फ्रान्समध्ये आहे. ती मात्र लोण्यानं आणि मलईनं इतकी भरलेली की घाटापूर्वी मिसळीइतकीच वर्ज्य.

लांब पल्ल्यात आणखी एक गोष्ट घडते, ती प्रयोगशाळेतल्या अडीच तासांत दिसत नाही. सातव्या-आठव्या तासाला गोडाचा वीट येतो. जेलची पुडी हातात घेतली तरी मळमळतं, माणूस खाणं टाळू लागतो, आणि टाळलं की बाँक ठरलेला. अशा वेळी वरण-भात, इडली-सांबार, दही-भात, मीठ लावलेला उकडलेला बटाटा पोटात जातो. कागदावर जेल कितीही कार्यक्षम असलं तरी जे खाववत नाही त्याची कार्यक्षमता शून्य. जेलचा मान मी ठेवतो तो दोन जागी: चढणीवर चावताना श्वास पुरत नाही तेव्हा, आणि शेवटच्या तासात, जेव्हा साखर लगेच हवी असते. दोन पुड्या खिशात असाव्यात. रिकाम्या झाल्यावर त्या खिशातच परत जाव्यात, ही अपेक्षाही फार नाही, पण घाटातल्या कठड्यांखाली पाहिलं तर ती सगळ्यांकडून पुरी होत नाही असं दिसतं.

दुसरा आक्षेप स्वच्छतेचा. रस्त्यावरचं खाऊन पोट बिघडलं तर दोनशे किलोमीटर बाजूलाच, दोनशे मीटरही अवघड. या भीतीला आधार आहे, पण ती सगळ्या पदार्थांना सारखी लागू नाही. जंतू उष्णतेनं मरतात. उकळता चहा, कढईतून थेट पानात पडलेली भजी, वाफाळती इडली, तव्यावरून उतरलेलं थालीपीठ हे सुरक्षित. सालीतलं केळं तर निसर्गानंच गुंडाळून दिलेलं. धोका असतो तो न उकळलेल्या पाण्यात: हिरव्या चटणीत, चिरून ठेवलेल्या फळांत, बर्फात. उसाचा रस बिनबर्फाचा घ्यावा आणि डोळ्यांदेखत गाळलेला घ्यावा. जिथे ट्रक आणि एस.टी. थांबतात तिथे माल शिळा राहत नाही, हा जुना आडाखा आजही बहुधा खरा ठरतो. आणि ज्यांचं पोट रस्त्यावरच्या खाण्याला सरावलेलं नाही त्यांनी पहिला प्रयोग मोठ्या राइडच्या दिवशी करू नये. छोट्या राइडला करावा. हा सल्ला जेललाही लागू आहे. तेही नव्या पोटाला जुलाब लावतं, फक्त त्याबद्दल कोणी टपरीला दोष देत नाही. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र या लेखातले आकडे स्वतःला लावू नयेत. त्यांचं गणित डॉक्टरांबरोबर बसूनच मांडावं लागतं.

रानमेव्याचं काय? सायकलवरून जाताना हात लांब करून फळ तोडावं आणि त्यावर दिवस काढावा, हे स्वप्न फार गोड आहे. हिशेबाला बसलं की ते विरघळतं. जांभळाच्या शंभर ग्रॅम गरात चौदा ग्रॅम कर्बोदकं असतात, बोराच्या गरात त्याहून जरा जास्त. एका तासाचे साठ ग्रॅम भरायचे तर चारशेहून जास्त ग्रॅम जांभूळगर हवा. बिया धरून सहज अर्धा किलो. तो वेचायला लागणारा वेळ आणि खाल्ल्यावर घशाला बसणारी तुरट मिठी वेगळीच. करवंदं तर चवीपुरती. आवळा, चिंच, कैरी यांचा उपयोग ऊर्जेसाठी नाही; तोंडाची गोड चिकट चव पुसायला आणि लाळ सुटायला तो आहे. खारट-आंबट तुकडा जिभेवर ठेवला की पुढचं केळं पुन्हा खावंसं वाटतं, आणि हे काम छोटं नाही. पण इंधन ते इंधन आणि तोंडीलावणं ते तोंडीलावणं.

त्यात ऋतूंचंही जमत नाही. आपल्याकडे लांब सायकल चालवायचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सह्याद्रीचा खरा रानमेवा पिकतो एप्रिल ते जूनमध्ये: करवंदं, तोरणं, जांभळं, रातांबे. तेव्हा दुपारी डांबर वितळत असतं आणि शहाणा माणूस सकाळी दहाच्या आत सायकल सावलीला लावतो. पावसाळ्यात घाट सायकलींनी फुलतात, आणि तेव्हा रानात उगवतात त्या भाज्या. टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं. त्या शिजवूनच खायच्या. शेवळं तर काकडाच्या फळांबरोबर नीट शिजवली नाहीत तर घसा खाजवून काढतात. हिवाळ्यात देशावर जे मिळतं ते रानातलं नसतं, शेतातलं असतं: बांधावरची बोरं, पेरू, ऊस, हरभऱ्याचे घाटे, हुरडा. त्याला मालक असतो. विचारलं तर शेतकरी बहुतेक वेळा मूठभर देतो, वर बसायलाही सांगतो. न विचारता घेतलं तर ती चोरी, आणि द्राक्षबागेत शिरून घेतलं तर वर फवारणीचं औषधही फुकट. इंग्लंडमध्ये १९६८ च्या कायद्यानं रानात आपोआप उगवलेली फळं विक्रीसाठी नाही तर स्वतःसाठी तोडणं चोरीत धरलेलं नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथले सायकलवाले कुंपणांवरची ब्लॅकबेरी खात जातात, ते या मोकळिकीमुळे. आपल्याकडे अभयारण्यातून वनोपज काढायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावरचा हक्क जंगलात राहणाऱ्यांना दिला आहे. एका सायकलस्वाराच्या मूठभर करवंदांनी कोणाचं फार बुडत नाही, हे खरं. पण रविवारी एका घाटात शे-दोनशे सायकली असतात.

ओळख पटण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. महामार्गांच्या दुभाजकावर ओळीनं लावलेली कण्हेर मुळापासून फळापर्यंत विषारी. पिवळ्या कण्हेरीची बिट्टी, धोतऱ्याची काटेरी फळं, गुंजेच्या देखण्या बिया, सगळ्याच घातक. मोगली एरंडाच्या बिया तर चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, म्हणूनच मुलांना त्यांची विषबाधा होते. आणि तो गावोगाव कुंपणाला लावलेला असतो. काजूचं बोंड खाता येतं, पण त्याला लटकलेली कच्ची बी दातांनी फोडली तर टरफलातलं तेल ओठ भाजतं. शहरात वाढलेल्या आणि दहा तास चालवून डोकं बधिर झालेल्या माणसानं अशा वेळी वनस्पतिशास्त्राची परीक्षा देऊ नये. या परीक्षेत लहानपणीच पास झालेली माणसं घाटाच्या वळणावर बसलेली असतात. कातकरी, ठाकर, महादेव कोळी बायका मे महिन्यात पानांच्या द्रोणात करवंदं-जांभळं घेऊन बसतात, हिवाळ्यात बोरं-आवळे. फळ कोणतं, कुठल्या झाडाचं गोड, कधी तोडायचं, हे ज्ञान त्यांचं आणि कष्टही त्यांचेच. सायकलस्वारासाठी रानमेवा गोळा करण्याची सगळ्यात शहाणी रीत म्हणजे त्यांच्याकडून विकत घेणं, आणि भाव न करणं. स्वतः तोडून खाण्याची मजा यात नाही, अशी तक्रार कोणी केली तर ती मान्य आहे. ज्याला ती मजा हवी त्यानं सायकल घरी ठेवून, जाणत्या माणसाबरोबर रानात पायी जावं.

वाटेवरच्या अन्नाची खरी दुबळी बाजू चव किंवा पोषण नाही. ते हवं तेव्हा असेलच असं नाही, ही आहे. कोकणचा सागरी मार्ग याचं चांगलं उदाहरण. रेवसकडून मुरुड, मग आगरदांडा-दिघीची फेरी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि तेरेखोलपलीकडे गोवा. नकाशावर समुद्राकाठची सपाट रेघ दिसते, प्रत्यक्षात दर खाडीला उतार आणि दर खाडीनंतर चढ. महामार्गासारखे चोवीस तासांचे ढाबे इथे नाहीत. घरगुती जेवण उत्तम मिळतं, पण ते आधी सांगून ठेवावं लागतं; दुपारी तीनला अचानक उगवलेल्या चार भुकेल्या माणसांसाठी कोणी चूल पेटवून बसलेलं नसतं. रात्री नऊनंतर गावं झोपतात. इथे टपरीवर विसंबणारा फसतो, आणि जेलवाला हसतो. पण यावर उपाय म्हणून जेलच हवं असं नाही, डबा हवा. दशमी, गूळपोळी, तिखटमिठाच्या पुऱ्या हे दुसऱ्या दिवशीही खाता येणारे प्रवासाचे पदार्थ आहेतच. दशमीचं पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवतात ते ती मऊ राहावी म्हणून, आणि चालत्या सायकलवर एका हातानं खायला मऊ असणं हा मोठा गुण. गूळपोळीच्या चतकोरात गहू, गूळ, तीळ, थोडं तूप असं सगळं येतं. पूर्ण पोळीची चतकोरं करून वेगवेगळ्या कागदांत बांधली तर दर पाऊण तासाला एक, असा हिशेब आपोआप राहतो. जेलच्या पुडीत वाखाणण्यासारखं काही असेल तर ते हे ठरलेलं माप, आणि ते घरी करता येतं. खाडीवर फेरीबोट यायची वाट पाहताना जी वीस-तीस मिनिटं सक्तीनं थांबावं लागतं, ती खाण्यासाठी राखून ठेवावीत. बहुतेक धक्क्यांवर किंवा जवळच्या वस्तीत चहा आणि काहीतरी तळलेलं मिळतं, आणि बोटीत पाय हलवायचे नसल्यानं जठराला त्याचा वाटा मिळतो. फेरीतून उतरल्यावर मात्र लगेच चढ लागतो, म्हणून भजी चार, केळी दोन. शेवटची फेरी किती वाजता सुटते हे आदल्या गावात विचारून घ्यावं, कारण ती चुकली तर खाडीला वळसा घालून कित्येक किलोमीटर वाढतात, आणि त्या वाढीव किलोमीटरांचं खाणं कोणाच्याच खिशात नसतं.